रथसप्तमीचं शूट: कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२६, रविवार

कोथरूडहून फोन. दहा महिन्यांच्या लेकीचं पहिलं बोरन्हाण आहे, "त्यातच घरच्यांचे फोटोही होऊन जातील का?" असं विचारत होती तिची आई. घरात आजी-आजोबा, आई-बाबा, बाळ आणि बाळाचा तीन वर्षांचा दादा. शिवाय नाशिकहून आत्या, तिचा नवरा आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. म्हणजे सहा मोठी, तीन पोरं.

बाकी काही म्हणणं नाही, फक्त "फोटो नैसर्गिक हवेत, पोझबिझ नको." हे हल्ली सगळेच म्हणतात. बरोबरच म्हणतात, पण त्याचा अर्थ तयारी कमी असा घेतात. तसं नसतं. पोझ द्यायची असेल तर माणसांना बसवलं, हनुवटी खाली करायला लावली की झालं. पोझ नको असेल तर त्या वेळी त्यांच्या हातात दुसरं काहीतरी काम असावं लागतं. ते काम शोधणं हीच माझी निम्मी तयारी.

तारीख त्यांच्या मनात १८ ची होती. मी २५ सुचवली. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. यंदा संक्रांत १४ ला बुधवारी, रथसप्तमी २५ ला रविवारी आणि सोमवारी २६ जानेवारीची सुट्टी. नाशिककरांना दगदग नाही. खरं कारण मात्र वेगळं. या घरी आजी रथसप्तमीला अजून गच्चीवर गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवतात. सकाळच्या उन्हात सगळं घर एका बोळक्याभोवती गोळा होणार आणि कुणालाही "हसा" म्हणावं लागणार नाही. याहून चांगलं मी काय सुचवणार?

ठरलं: सकाळी दूध आणि घरचे फोटो, संध्याकाळी बोरन्हाण. मधली दुपार मोकळी.

७ जानेवारी, बुधवार

घर पाहून आले. मुद्दाम सकाळी आठला गेले, कारण मला त्याच वेळचा उजेड बघायचा होता. संध्याकाळी सातला ट्यूबच्या उजेडात घर बघून काही कळत नाही.

तिसरा मजला, जुनी इमारत, वर सामायिक गच्ची. हॉलची मोठी खिडकी पूर्वेला. जानेवारीत सूर्य आग्नेयेकडे सरकलेला असतो, त्यामुळे ऊन समोरून न येता तिरपं येतं आणि फरशीवर गजांची लांब सावली पडते. दिसायला छान, पण बाळाच्या तोंडावर गज उमटले तर नको. खिडकीला पातळ पांढरं काहीतरी लावायला हवं. पडदे जाड, तपकिरी. आजोबा आत गेले आणि एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर घेऊन आले. "हे चालेल का?" दोन चिमटे लावून टांगलं. बाजारात मिळणाऱ्या डिफ्यूजरच्या तोंडात मारेल असा उजेड! सावल्यांच्या कडा विरल्या आणि पूर्ण भिंतभर मऊ प्रकाश पसरला. धोतर नक्की.

अडचण समोरच्या भिंतीची. पोपटी आहे. खिडकीतला उजेड तिच्यावर आपटून परत येतो तो पोपटी होऊन, आणि लहान मुलांच्या गोऱ्या-सावळ्या कुठल्याही कातडीवर तो रंग आजाऱ्यासारखा दिसतो. नंतर संगणकावर काढता येतो, पण अर्धा गाल हिरवा आणि अर्धा नीट असला की डोकेदुखी. त्यापेक्षा तिथे पांढरी चादर लावायची. रिफ्लेक्टरचं, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परत टाकायचं, कामही तीच करेल. थर्माकोलचा तक्ता नेणार नाही. तीन वर्षांचं पोर तो कुरतडतं आणि दहा महिन्यांचं पोर ते कण तोंडात घालतं.

हॉलमधले एलईडी दिवे शूटच्या वेळी बंद. एक म्हणजे खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर नको. दुसरं म्हणजे बाळ झोपलेलं असताना मी कॅमेऱ्याचं आवाज न करणारं शटर वापरते, आणि स्वस्त एलईडीखाली त्यात आडवे पट्टे येतात.

आजींना वाटत होतं की घर "दाखवण्यासारखं" करावं लागेल. आरामखुर्ची आत, शिवणयंत्र आत, भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं. मी म्हटलं, काकू, यातलं काही हलवू नका. वीस वर्षांनी या पोरांना सोफा बघायचा नसेल, आजोबांची खुर्चीच बघायची असेल. काढायचं ते इतकंच: टीव्हीवर चादर (काळ्या काचेत खिडकी आणि मी, दोघीही दिसतो), चार्जरच्या वायरी, डायपरचं जंबो पाकीट आणि तो नारिंगी प्लास्टिकचा टब, ज्यावरून नजर हटत नाही.

गच्चीचा कठडा मोठ्या माणसाच्या कमरेएवढा. दादा चढणारा आहे, माझ्यादेखत टाकीच्या शिडीवर दोन पायऱ्या गेला. वर एका मुलामागे एक ठरलेलं मोठं माणूस, आणि ते माणूस फोटोत असलं तरी त्याचा हात मुलावर. हे आत्ताच सांगून ठेवलं.

९ जानेवारी, शुक्रवार

कपड्यांवर फोन. संक्रांतीचा सण म्हणजे काळं, यात वाद नाही. आजींची चंद्रकला आहे, आईची काळी इरकल, बाळाला खणाचं झबलं शिवायला टाकलंय.

सगळ्यांनीच काळं घातलं तर फोटोत एक मोठा काळा ढीग दिसतो आणि त्यातून नऊ तोंडं बाहेर. म्हणून पोत वेगवेगळे हवेत. खणाची बारीक नक्षी, इरकलीचा चौकड्याचा पोत, चंद्रकलेवरच्या चांदण्या, बाबांचा साधा सुती कुडता. एकाच काळ्या रंगात नजरेला फिरायला जागा मिळते. आत्याच्या नवऱ्याला काळं आवडत नाही म्हणे. उत्तम. त्यांना गडद मरून किंवा मोरपंखी चालेल, ढीग फुटेल.

खणाच्या झबल्याला आतून जुन्या मलमलचं अस्तर लावायला सांगितलं. जरीची कड मानेला टोचली की बाळ दहाव्या मिनिटाला रडतं, आणि सगळे म्हणतात कॅमेऱ्याला घाबरलं. कॅमेऱ्याचा काही दोष नसतो. झबलं आधी दोनदा घरात घालून ठेवा, एकदा धुवा. नवी कोरी खळ घालवा.

दादाचा हट्ट: निळा, डायनासोरचा टीशर्ट. त्यावर घरात दोन तट. मी मध्ये पडले नाही, फक्त एवढं म्हटलं की सकाळच्या फोटोंचा पहिला अर्धा तास तो टीशर्ट घालू दे. तीन वर्षांचा असताना हा काय होता, हे त्या टीशर्टातच आहे. काळा कुडता संध्याकाळी.

१२ जानेवारी, सोमवार

हलव्याचे दागिने. तुळशीबागेत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, तरी सकाळी लवकर जाऊन पाहून आले, कारण फोटोत ते जवळून येणार.

बहुतेक तयार सेट पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात. दिसायला भरगच्च, पण गोंदावरचा दाणा सुटतो. दहा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि सुटा हलव्याचा दाणा म्हणजे कडक, गोल, नेमका घशात अडकण्याच्या मापाचा. म्हणून दोऱ्यात ओवलेले, कापडी फितीवर शिवलेले घ्यायचे. बाळाला फक्त मुकुट आणि मनगट्या. हार आणि कमरपट्टा नाही. हार नुसता तोंडाशी असतो. लाळ लागली की साखर विरघळते, चिकचिक होते आणि झबल्यावर पांढरे ओघळ येतात.

हाराची हौस आजींची, आणि ती रास्त आहे. त्यावर तोड: हार आईने घालायचा, बाळ आईच्या मांडीवर. फोटोत बाळाच्या डोक्यामागे हार येतो. दादाला मोठा सेट, बासरीसकट. तो दागिने खाणार, हे गृहीत धरून एक बासरी जास्तीची.

चांगला काटेरी हलवा कसा ओळखायचा ते दुकानातल्या बाईंनी दाखवलं. तळहातावर दाणा फिरवायचा. साखरेचा पाक मंद आचेवर थेंब थेंब घालत, हाताने हलवत राहिलं तरच सगळीकडून सारखे काटे येतात. घाईत केलेला एका बाजूला गुळगुळीत राहतो. मॅक्रो फोटोत हा फरक स्वच्छ दिसतो. म्हणून दहा रुपये जास्त गेले तर जाऊ देत.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काम नाही. दागिन्यांचा खोका कोरड्या डब्यात, तळाशी तांदळाची पुरचुंडी.

१६ जानेवारी, शुक्रवार

आजींशी लुटीवरून बैठक. फोनवरच, पण बैठकच.

त्यांची यादी: चुरमुरे, बोरं, ओल्या हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, तिळाच्या रेवड्या, हलवा, गोळ्या-चॉकलेटं. "आमच्या वेळी पायली भरून ओतायचे," म्हणाल्या. किंक्रांतीच्या करी राक्षसाची नजर पोरांना लागू नये म्हणून हे न्हाण, असं त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेलं. त्यांच्या मते पोरांनी या दिवसांतली फळं मजेत खावीत, हेही कारण असणारच. मलाही तेच पटतं.

पण बोर टणक असतं आणि एक हात उंचीवरून टाळूवर पडलं तर लागतं. बाळ रडणार, आई धावणार, संपलं. मी बोरन्हाण "सुधारायला" गेले नाही. फक्त क्रम सुचवला. डोक्यावरून ओतायचे ते फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या. शकुनाची पाच बोरं आजींनी हाताने ओंजळीतून बाळाच्या मांडीवर सोडायची, आणि लगेच काढून घ्यायची. बाकी घाटे, करवे, बोरं, चॉकलेटं आधीच चौरंगाभोवती पसरून ठेवायची, शेजारची पोरं वेचायला येतीलच. रेवड्या आणि शेंगदाणे बाळाच्या हाताच्या टप्प्यात नकोत. एवढं सगळं ऐकून आजी म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच हातची बोरं फोटोत येणार ना? मग चालेल."

दुसरी गोष्ट मीच काढली. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात. मग दादालाही बसवा. त्याचं आधी झालेलं असलं तरी पुन्हा करायला कुणाची हरकत? गेले दहा महिने या घरात येणारा प्रत्येक जण आधी बाळाकडे धावतो. त्या दिवशीही चौरंगावर तीच, दागिने तिला, टाळ्या तिला, आणि दादाने बाजूला उभं राहून हसायचं, हे तीन वर्षांच्या पोराकडून मागणं जास्त आहे. तो धक्का मारणार आणि रागावून घेणार. आधी दादाचं, मग बाळाचं. त्याच्यावर बोरं खुशाल ओता, त्याला ते हवंच असेल.

१८ जानेवारी, रविवार

घरी चाचणी. मदतनीस पोराला गॅलरीत चौरंगावर बसवलं आणि त्याच्या डोक्यावर चुरमुरे ओतले. तो वीस वर्षांचा आहे, बिचारा निमूट बसला.

शटर २५० ला, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागाला, ठेवलं तर चुरमुऱ्यांच्या रेघोट्या होतात. १००० ला प्रत्येक दाणा हवेत खिळून उभा राहतो, पण मग ते पडताहेत असं वाटतच नाही, कुणीतरी टांगल्यासारखे दिसतात. ५०० ला चेहरा स्वच्छ आणि दाण्यांना जेमतेम शेपूट. हेच घ्यायचं. बोर जड आणि मोठं, त्याला ८०० बरं. ओतणाऱ्याने वाटी मुलाच्या डोक्यामागून नाही, किंचित पुढून आणि बाजूने धरायची, नाहीतर हाताची सावली थेट डोळ्यांवर.

काळ्या-पांढऱ्याचा हिशेबही इथेच करून घेतला. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोर असेल ते मधल्या राखाडीवर आणायला बघतं. सगळं काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे. ते उजेड वाढवतं, काळी साडी धुरकट होते आणि हलवा जळून नुसता पांढरा ठिपका राहतो. एकेक दाणा ओवून घेतलेला, सगळा फुकट. उजेड उणे दोन-तृतीयांश ते एक स्टॉपवर (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणला तेव्हा हलव्याचे काटे दिसायला लागले आणि खणाची नक्षीही टिकली. पण ऑटोवर विसंबता येत नाही. आईने बाळाला उचललं की फ्रेममधलं काळं एकदम वाढतं, खाली ठेवलं की कमी होतं, आणि मीटर नाचत राहतं. उजेड बदलत नसेल तिथे सगळं मॅन्युअल, मधल्या राखाडी रंगाच्या कार्डावर एकदा उजेड मोजून.

लेन्स: हॉलमध्ये ३५ मिमी (रुंद दिसणारी), गच्चीवर ८५ मिमी (जवळ आणणारी). हॉलमध्ये ८५ घेऊन मी भिंतीला पाठ लावली तरी चौरंग बसत नाही. नऊ जणांच्या फोटोला लेन्सचं छिद्र एफ ५.६ पेक्षा जास्त उघडायचं नाही, मागच्या रांगेतले आजोबा धूसर झाले तर त्या फोटोला अर्थ नाही.

२१ जानेवारी, बुधवार

ओळखीची भेट. हिचे मी पैसे लावत नाही आणि ही चुकवतही नाही.

आठ-दहा महिन्यांच्या सुमारास बाळांना परक्या माणसांची भीती वाटायला लागते. दोन महिन्यांपूर्वी कुणाकडेही जाणारं बाळ आता दारात पाहुणा दिसला की आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. अशा बाळापुढे शूटच्या दिवशी पहिल्यांदाच, तोंडाला काळं यंत्र लावून उभं राहणं बरं नाही. म्हणून आज कॅमेरा पिशवीतच. मी सरळ फरशीवर बसले, बाळाकडे बघितलं नाही, आजींशी गप्पा मारल्या. बराच वेळ ती आईच्या मांडीवरून माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग रांगत आली आणि माझ्या पिशवीची चेन पकडली. ती उघडते-मिटते यात तिला फार गंमत वाटली. रविवारी हीच पिशवी आणायची, चेन उघडी ठेवून, आत फक्त एक लाकडी चमचा.

दादाला कॅमेरा हातात दिला, पट्टा गळ्यात घालून. त्याने आजोबांच्या पायांचे, पंख्याचे आणि स्वतःच्या नाकाचे फोटो काढले. आता कॅमेरा म्हणजे त्याच्या ओळखीची वस्तू.

नाशिकच्या ताईशी, म्हणजे आत्याच्या सहा वर्षांच्या मुलीशी, फक्त व्हिडिओवर भेट. पुढचे दोन दात पडलेत आणि ती ओठ घट्ट मिटून बोलते. तिची आई मागून, "अगं, दात दाखव ना!" मी विषय बदलला. तिला विचारलं, रविवारी मला मदतनीस हवीये, राखाडी कार्ड धरायचं काम करशील का? लगेच होकार. तिला कुणी हसायला सांगायचं नाही, हे आत्याला वेगळा फोन करून सांगितलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

घरच्या ग्रुपवर पाठवलेला निरोप, जसाच्या तसा:

"नमस्कार. रविवारी सूर्योदय सातनंतर लगेच आहे, पण समोरच्या इमारतीमुळे गच्चीवर ऊन पावणेआठच्या सुमाराला येतं. गोवऱ्या साडेसातला पेटवा. बाळ उठलं, दूध प्यायलं, मगच वर आणा. ती झोपली असेल तर झोपू द्या, आम्ही थांबतो. पोरांना पोटभर नाश्ता आधी. शिरा किंवा उपमा चालेल, बीट-जॅम नको (दात रंगतात). सकाळचं काम बाळाच्या दहाच्या झोपेआधी आटपेल. दुपारी कुणीही कुणाचे फोटो काढू नयेत, मोबाइलवरही. संध्याकाळी साडेचारला गॅलरीत बोरन्हाण. उजेड सहापर्यंत पुरेल. आणि महत्त्वाचं: मी मुलांकडे कॅमेरा वळवला की मोठ्यांनी 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणायचं नाही. मोठ्यांनी मुलांकडे नाही, माझ्याकडे बघायचं. मुलांना बोलवायचं काम माझ्या मदतनिसाचं."

शेवटच्या ओळीवर बाबांचा प्रश्न आला, का? नेहमी होतं ते असं: सगळे मिळून मुलाला हाका मारतात, मूल गोंधळून कुणाकडेच बघत नाही, शेवटी एका क्षणी कॅमेऱ्याकडे बघतं, तेव्हा सगळी मोठी माणसं मुलाकडे बघत असतात, तोंडं उघडी. मोठे आधीपासून माझ्याकडे बघत असतील, तर मुलाचा तो एक क्षण पुरतो.

फोटो कुठे टाकायचे, हेही आज लिहून घेतलं. आई-बाबांना मुलांचे चेहरे माझ्या पानावर नकोत. ठीक. हात, बोरं, दागिने यांचे फोटो मी वापरीन. संध्याकाळी शेजारची पोरं येणार, त्यांच्या आयांना आधी विचारायची जबाबदारी आजींनी घेतली. इमारतीत त्यांचा शब्द चालतो.

२४ जानेवारी, शनिवार

पिशवी: दोन बॉडी, ३५, ८५, चार बॅटऱ्या, कार्डं रिकामी. कपड्यांचे चिमटे, दोन पांढऱ्या चादरी, पुसायला ओले रुमाल. फ्लॅश घेतला आहे, छतावरून उजेड परतवायला, पण तो गाडीतच ठेवणार. लाकडी चमचा.

आत्याचा रात्री फोन, गाडी संगमनेरजवळ अडकली आहे, पोचायला अकरा होतील. म्हणजे सहा वर्षांची मुलगी उद्या सकाळी झोपेत. तिला वर आणायची घाई नको, कार्ड आठला धरलं तरी चालेल.

२५ जानेवारी, रविवार

गच्चीवर सव्वासातला. आजींनी पाटावर सात घोड्यांचा रथ काढला होता. घोडे थोडे मांजरांसारखे, पण चाक अगदी गोल. दादाने विचारलं, यातला डायनासोर कुठला? आजोबांनी चौथ्या घोड्यावर बोट ठेवलं. तो फोटो माझ्या हिशेबी सकाळचा सर्वांत चांगला, आणि तेव्हा गोवऱ्या पेटल्यासुद्धा नव्हत्या.

वारा पश्चिमेकडून होता, धूर उन्हाच्या दिशेने जात होता. तिरप्या उन्हात धूर सुंदर दिसतो, पण बाळाला पाठीमागच्या बाजूला, टाकीच्या आडोशाला ठेवलं. बोळक्यातलं दूध बराच वेळ काहीच करत नाही आणि मग सगळं एका क्षणात करतं. सगळे वाकून बघत होते, बाबा कठड्याच्या बाजूला दादाचा दंड धरून. दूध पूर्वेला उतू गेलं, आजींनी हात जोडले, दादा "सांडलं, सांडलं!" म्हणून नाचला. तोवर नाशिकची ताई डोळे चोळत आली होती आणि कार्ड उलटं धरून उभी राहिली.

सगळ्यांचा मिळून फोटो तिथेच, दूध झाल्या झाल्या. आधी नाही, नंतरही नाही. आजी-आजोबा खुर्च्यांवर, बाकीचे सतरंजीवर, कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर पोर. मदतनीस माझ्या डोक्यामागे उभा राहून डबा वाजवत होता. मोठ्यांनी नियम पाळला, फक्त आत्याच्या नवऱ्याने नाही. ते पूर्ण वेळ धुराकडे बघत होते. एका फोटोत त्यांनीही बघितलंय. ताईने ओठ मिटले होते, पण दादाने माझ्या पिशवीतून चमचा काढून मदतनिसाला मारला तेव्हा ती खदखदून हसली, पडलेल्या दातांसकट.

खाली हॉलमध्ये धोतर, चादर, सगळं लावलेलं होतं. बाळ आरामखुर्चीच्या दांड्याला धरून उभं राहिलं, आजोबा पेपर वाचत होते. मी काही बोलले नाही. पावणेदहाला बाळाने डोळे चोळले आणि आम्ही निघालो. आईला वाटलं अजून थोडं चाललं असतं. चाललं असतं, पण संध्याकाळच्या खात्यातून.

साडेचार. दादा चौरंगावर राजासारखा बसला, बासरी पहिल्या मिनिटातच अर्धी खाल्ली. जास्तीची काढली. बोरं त्याच्यावर ओतली तेव्हा डोळे घट्ट मिटून, दोन्ही मुठी वर. नंतर बाळाच्या वेळी तो स्वतःच चुरमुऱ्यांची वाटी घेऊन आला. एवढं मी ठरवलं नव्हतं. त्याने फार हळू, एकेक मूठ टाकली, आणि बाळ वर बघत राहिलं, तोंड उघडं, आईचा हात हनुवटीखाली तयार. आजींची पाच बोरं मांडीवर पडली, चार लगेच उचलली, पाचवं बाळाच्या मुठीत. सोडायला तयार नाही. तेवढ्यापुरतं रडणं झालं. मग शेजारची पोरं तुटून पडली आणि पुढचं मी फक्त उभी राहून टिपलं.

फ्लॅश गाडीतून काढावा लागला नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

निवड. सगळ्यांचा मिळून जो फोटो धरला, त्यात आजींचे डोळे किंचित बारीक झालेत, उन्हामुळे. दुसऱ्यात डोळे उघडे आहेत, पण दादा फ्रेमबाहेर चालला आहे. दोन फोटो जोडून एक करता येतो, आणि या एका फोटोसाठी मी तो करीन, कारण तो भिंतीवर जाणार आहे. बाकी कुठेही जोडकाम नाही. बाळाच्या हनुवटीवरची लाळ पुसणार नाही. दादाच्या कपाळावरचं खरचटलेलं तसंच राहील. मुलं जशी होती तशी हवीत म्हणूनच तर त्यांनी बोलावलं.

आईला पाठवलेल्या पहिल्या वीस फोटोंवर उत्तर: रथावर बोट ठेवलेला फोटो आजोबांनी मोबाइलवर लावला. आजींना मात्र पाच बोरांचाच हवा, मोठा करून.

३१ जानेवारी, शनिवार

छपाई. आजींच्या फोटोसाठी १२ बाय १८, मॅट कागद. चकचकीत कागदावर काळ्यात बोटांचे ठसे दिसतात आणि हा फोटो हातोहात फिरणार. काळं छापताना लॅबवाले अनेकदा थोडं उजळ करतात, चंद्रकलेचा रंग मग राखाडी येतो. म्हणून आधी छोटी पट्टी छापून मागवली आहे, हलवा आणि साडी दोन्ही येतील असा कोपरा निवडून. पट्टी मंगळवारी येईल. काळ्यात हिरवट झाक असेल तर परत पाठवायची. ठीक असेल तर मोठा फोटो आणि अल्बम एकदमच सोडायचा.